जुनी युरोपियन गाडी : झालेली दुखणी, यायची दुखणी

दहा-पंधरा वर्षं वापरलेली जर्मन, फ्रेंच किंवा स्वीडिश गाडी रोजच्या जाण्यायेण्यासाठी घ्यावी का, अशा अर्थाची बरीच पत्रं आली आहेत. त्यांतली काही निवडक पत्रं आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : २०१० सालची बीएमडब्ल्यू ३२०डी बघून आलो. १ लाख ४० हजार किलोमीटर चालली आहे. रोज जाऊन-येऊन माझे ४० किलोमीटर होतात. एक मेकॅनिक म्हणतो, डोळे मिटून घ्या. दुसरा म्हणतो, चुकूनही हात लावू नका. कुणाचं ऐकू?

उत्तर : दोघांनीही गाडीचं नाव ऐकून मत दिलेलं दिसतं. आधी बॉनेटखाली कोणतं इंजिन आहे ते पाहू. त्या सालच्या ३२०डीमध्ये एन४७ हे डिझेल इंजिन असतं. त्याच्या आधीच्या एम४७ इंजिनात टायमिंग चेन (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची चाल जुळवून ठेवणारी साखळी) पुढच्या बाजूला, रेडिएटरकडे होती. एन४७ मध्ये ती मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला गेली. चेन आणि तिचे प्लास्टिकचे गाइड झिजले की ते बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, पुष्कळदा इंजिनच बाहेर काढतात. खर्च सुट्या भागांचा कमी आणि मजुरीचा जास्त. चेन चालत्या गाडीत तुटली, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि मग हेडपासून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागापासून, काम निघतं. २००७ ते २०११ च्या सुरुवातीपर्यंतच्या इंजिनांत हे दुखणं जास्त आढळतं. तुमची गाडी नेमकी त्याच काळातली आहे.

आता ऐकायचं कसं ते. गाडी रात्रभर बंद असली पाहिजे. विक्रेत्याने तुम्ही पोहोचायच्या आधी चालू करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. बॉनेट उघडा आणि इंजिनाच्या मागच्या टोकाशी, केबिनच्या भिंतीजवळ उभे राहा. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. आधी आयडलिंगवर ऐका, मग हळूहळू १५०० ते २५०० आरपीएमपर्यंत नेऊन ऐका. डिझेलची नेहमीची टकटक वरून येते. चेनचा आवाज मागून, खालून येतो. साखळी कशावर तरी घासत असावी तशी खर्रखर्र, आणि आरपीएमबरोबर तिचा वेग वाढतो. हा आवाज आला तर चेनच्या कामाचा पूर्ण खर्च किमतीतून वजा करा किंवा सरळ परत फिरा. आवाज नसला तरी एवढंच कळतं की आज चेन घासत नाही.

त्यामुळे पुढची भिस्त कागदांवर. 'चेनचं काम झालंय' हे तोंडी चालणार नाही. बिलात वरची चेन, खालची चेन, गाइड आणि टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) वेगवेगळे लिहिलेले हवेत. चेन बदललेली नसेल तर ऑइलची बिलं मोजा. या गाडीचा कॉम्प्युटर दोन ऑइल बदलांमध्ये ३० हजार किलोमीटरपर्यंत जाऊ देतो. तेवढ्या काळात ऑइल काळं आणि पातळ होतं, चेन आणि टेन्शनर दोघांचंही वंगण बिघडतं. १ लाख ४० हजारांत ऑइल पाचच वेळा बदललेली गाडी आणि दर १० ते १५ हजारांनी बदललेली गाडी, ही दोन वेगळी इंजिनं समजा.

आणखी दोन गोष्टी. या इंजिनाचा थर्मोस्टॅट (कूलंटचं तापमान राखणारी झडप) म्हातारा झाला की उघडाच राहतो. इंजिन ७० अंशांच्या आसपास रेंगाळतं. चालवताना काही कळत नाही, पण इंजिन पुरेसं तापत नसल्यामुळे डीपीएफ या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधली काजळी जाळण्याची प्रक्रिया सुरूच होत नाही आणि फिल्टर तुंबतो. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र) लावून वीस मिनिटं चालवा. कूलंटचं तापमान ८० च्या बरंच वर जाऊन स्थिर झालं पाहिजे. दुसरी गोष्ट, बीएमडब्ल्यूने २०१८ मध्ये डिझेल गाड्यांच्या ईजीआर कूलरसाठी (इंजिनात परत जाणारा धूर थंड करणारा भाग) मोठा रिकॉल काढला होता. कूलरमधून गळणारं कूलंट आणि काजळी मिळून आग लागण्याचा धोका होता. चासी नंबर देऊन ही गाडी त्यात येते का आणि काम झालंय का, ते कंपनीच्या डीलरकडून विचारून घ्या.

तुमच्या ४० किलोमीटरचं म्हणाल, तर ते एकसलग आणि वाहत्या रस्त्यावर असतील तर डिझेल योग्य आहे. चार-चार किलोमीटरच्या दहा फेऱ्या असतील तर कोणतीही डीपीएफवाली जुनी डिझेल गाडी घेऊ नका. हे फक्त बीएमडब्ल्यूपुरतं नाही.

आता पुढच्या सगळ्या पत्रांना लागू पडेल असं एक सांगतो. या गाड्यांची दुखणी गुप्त नसतात. इंजिन आणि गिअरबॉक्सचा कोड कळला की कोणता भाग, का आणि साधारण कधी जातो हे माहीत असतं. म्हणून 'गाडी टिकेल का' या प्रश्नातून काही हाती लागत नाही. ठरलेल्या दुखण्यांपैकी कोणती आधीच्या मालकाच्या खर्चाने झाली आणि कोणती तुमच्या खर्चाने व्हायची आहेत, ते विचारा.

प्रश्न : एक गाडी फक्त ४५ हजार किलोमीटर चाललेली, १२ वर्षांची. दुसरी तेवढीच जुनी, पण १ लाख ६० हजार चाललेली. पहिली घेणं शहाणपणाचं नाही का?

उत्तर : नेहमीच नाही. वर्षाला चार हजार किलोमीटर म्हणजे बहुधा छोट्या फेऱ्या. इंजिन पूर्ण तापत नाही, त्यामुळे पाण्याची वाफ आणि न जळलेलं इंधन ऑइलमध्ये साचतं. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ पिवळट साय दिसते ती हीच. थंड हवेत थोडीशी साय दिसणं गैर नाही, पण झाकण भरून असेल तर गाडी कशी वापरली ते कळतं. शिवाय रबर आणि प्लास्टिक किलोमीटर मोजत नाहीत, वर्षं मोजतात. कूलंटचे पाइप, एक्स्पान्शन टँक, व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट, सस्पेन्शनचे बुश, टायमिंग बेल्ट, सगळं १२ वर्षांचंच आहे. १ लाख ६० हजारवाल्या गाडीत यांतलं बरंचसं एव्हाना बदलून झालेलं असण्याची शक्यता असते. तशी बिलं असतील तर आमचा कौल दुसऱ्या गाडीला.

४५ हजार खरेच आहेत का, हेही तपासा. आकडा मीटरमध्ये बदलणाऱ्याच्या हातून बहुतेक वेळा बाकीची मॉड्यूल (गाडीतले छोटे कॉम्प्युटर) तशीच राहून जातात. अनेक युरोपियन गाड्यांत गिअरबॉक्स, एबीएस, इंजिनाचा कंट्रोल युनिट किंवा चावीसुद्धा आपापली नोंद ठेवते. जुन्या फॉल्ट कोडशेजारी (बिघाडाच्या नोंदीशेजारी) तो कोणत्या किलोमीटरला आला तेही लिहिलेलं असतं. मीटरवर ४५ हजार आणि कोडची नोंद ९२ हजारांवर असेल तर पुढे बोलायचं कारण उरत नाही. ब्रेक पेडलचं रबर, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड आणि स्टिअरिंगचं चामडं यांवरूनही अंदाज येतो. टायरवरच्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. कमी चाललेल्या गाडीला दुसरा-तिसरा संच का लागला, हे विक्रेत्याला सांगता आलं पाहिजे.

प्रश्न : गाडी बघायला गेल्यावर तासाभरात काय काय तपासता येईल? स्वतःचा ओबीडी स्कॅनर आहे.

उत्तर : तास पुरेसा आहे, पण क्रम चुकवू नका. थंड इंजिनाची कामं आधी, चालवणं मधे, आणि स्कॅनिंग दोनदा.

गाडी चालू करण्याआधी एक्स्पान्शन टँक उघडा. कूलंटचा रंग स्वच्छ हवा. त्यावर तेलाचा तवंग, तळाशी तपकिरी गाळ किंवा नुसतं पाणी दिसलं तर का, ते विचारा. युरोपियन इंजिनांत ॲल्युमिनियम भरपूर असतं. गंजरोधक नसलेल्या पाण्याने ते आतून खाल्लं जातं. टँकच्या सांध्यावर, पाइपांच्या तोंडाशी आणि वॉटर पंपाखाली वाळलेल्या कूलंटची पांढरी किंवा गुलाबी खपली शोधा. फोक्सवॅगन-ऑडीच्या १.८ आणि २.० टीएसआय इंजिनांत वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटची एकत्र प्लास्टिकची हाउसिंग असते. इनटेक मॅनिफोल्डच्या खाली टॉर्च मारली तर तिथली खपली दिसते.

मग ऑइलची गळती. 'थोडंसं पाझरतंय, या गाड्यांत असतंच' हे वाक्य तुम्ही हमखास ऐकणार. पाझर कुठून आहे त्यावर सगळं अवलंबून आहे. बीएमडब्ल्यूच्या एन५२, एन५४, एन५५ या सहा सिलिंडरच्या इंजिनांत ऑइल फिल्टर हाउसिंगचं गॅस्केट कडक होऊन पाझरतं. ते तेल खालच्या सर्पेंटाइन बेल्टवर (अल्टरनेटर वगैरे फिरवणारा बाहेरचा पट्टा) पडतं, बेल्ट फुगतो आणि पुलीवरून निसटतो. निसटलेल्या बेल्टच्या चिंध्या क्रँकच्या पुढच्या सीलमधून थेट इंजिनात ओढल्या गेल्याची उदाहरणं आहेत. मग ऑइल पॅन उतरवून एकेक धागा वेचत बसावं लागतं. गॅस्केट असतं तळहाताएवढं. म्हणून या इंजिनांत बेल्ट तेलकट आहे का, ते बोट लावून बघाच.

आता स्कॅनर लावा, गाडी चालू करण्याआधीच. कोड किती आहेत यापेक्षा रेडिनेस मॉनिटर (गाडी स्वतःच्या भागांच्या घेते त्या चाचण्या) पूर्ण आहेत का, ते महत्त्वाचं. सगळे कोड शून्य आणि जवळपास सगळे मॉनिटर अपूर्ण, असं चित्र दिसलं तर कोड नुकतेच पुसले आहेत किंवा बॅटरी काढली होती. अशा वेळी विक्रेत्याला दोन-तीन दिवस गाडी वापरू द्या आणि परत या. साधे स्कॅनर फक्त इंजिन वाचतात. गिअरबॉक्स, एबीएस, एअरबॅग वाचणारा, त्या कंपनीसाठीचा स्कॅनर मिळाला तर तोच न्या.

सेल्फ मारल्यावर पहिले पाच सेकंद फक्त ऐका. चेन टेन्शनरमध्ये ऑइलचा दाब टिकत नसेल तर खडखड तेवढ्यातच होते आणि थांबते. मग सायलेन्सर. सेल्फ मारताच निघून थांबणारा निळा धूर बहुधा व्हॉल्व्ह सीलकडे बोट दाखवतो. थंडीत पांढरी वाफ येणारच. ती इंजिन गरम झाल्यावरही थांबली नाही आणि तिला गोडसर वास असेल, तर कूलंट जळतंय. शंका आली तर गॅरेजमध्ये कूलंट टँकवर ब्लॉक टेस्ट (कूलंटमध्ये इंजिनाचा धूर शिरतो का ते पाहणारी चाचणी) करून घ्या. निळा द्रव पिवळा झाला की हेड गॅस्केट किंवा हेड फुटलेलं समजा.

पेट्रोल टर्बो असेल तर आयडलिंगवर ऑइल फिलरचं झाकण उघडून बघा. किंचित ओढ असणं ठीक. झाकण निघतच नसेल आणि काढताच शिट्टी वाजून इंजिन डगमगत असेल, तर पीसीव्हीचा (इंजिनाच्या आत साठणारे वायू ओढून घेणाऱ्या व्हॉल्व्हचा) पडदा फाटला आहे. व्होल्वोच्या पाच सिलिंडरच्या इंजिनांत उलटं होतं. तिथे ऑइल ट्रॅप तुंबतो आणि आत दाब साठतो. फिलरच्या तोंडावर रबरी हातमोजा ताणून ठेवा. तो फुगला तर पीसीव्हीचं काम निघालं. आणखी काही काळ तसंच चालवलं तर हाच दाब क्रँकचं सील बाहेर ढकलतो.

चालवताना रेडिओ बंद. आधी खराब रस्त्यावर अगदी सावकाश. ऑडी ए४ आणि त्याच घडणीच्या पसाटच्या पुढच्या सस्पेन्शनला एका बाजूला चार आर्म असतात. एकाचा बॉल जॉइंट गेला की टुकटुक सुरू होते, आणि एकच बदलला तर काही महिन्यांत दुसरा बोलू लागतो. तिथे संचाचाच हिशोब धरा. मग वेग ८० ते १०० वर नेऊन हलका ब्रेक लावा. स्टिअरिंग थरथरलं तर सगळे डिस्ककडे बोट दाखवतात, पण बीएमडब्ल्यूच्या ५ सिरीजमध्ये पुढच्या आर्मचा तेल भरलेला बुश फाटल्यानेही तसंच होतं. तिथे नुसत्या नव्या डिस्कने थरथर जात नाही.

तापमानाच्या काट्यावर विसंबू नका. फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांत कूलंट साधारण ७५ ते १०५ अंशांच्या मध्ये कुठेही असलं तरी काटा ९० वर ताठ उभा असतो, कारण तो तसाच बनवलेला आहे. खरा आकडा स्कॅनरवर बघा. परत आल्यावर गाडी दहा मिनिटं एसी लावून आयडलिंगवर ठेवा, फॅन लागतो का पाहा, आणि पुन्हा स्कॅन करा. चालवताना आलेले नवे कोड हेच खरे कोड.

निघताना सगळे कार्पेट हाताने दाबा, डिक्कीतल्या स्पेअर व्हीलचा खड्डाही. ओल लागली तर सनरूफच्या नळ्या किंवा काचेखालचे निचरे तुंबले आहेत. बऱ्याच जर्मन गाड्यांत कंट्रोल मॉड्यूल नेमके सीटखाली किंवा डिक्कीच्या कोपऱ्यात, सगळ्यात खाली बसवलेले असतात. असं कोणी का करावं हा प्रश्न वाजवी आहे. ओल्या कार्पेटची जर्मन गाडी मात्र स्वस्तातही घेऊ नये. विजेच्या तारांचा गंज वर्षभर एकेक करून वर येत राहतो.

प्रश्न : ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल 'लाइफटाइम' आहे, बदलायची गरज नाही, असं विक्रेता म्हणतो. खरं आहे?

उत्तर : लाइफटाइम कुणाचं, हे त्याला विचारा. बीएमडब्ल्यू, ऑडी आणि जॅग्वारमध्ये जे सहा आणि आठ गिअरचे गिअरबॉक्स असतात ते बहुतेक झेडएफ कंपनी बनवते, आणि स्वतः झेडएफ ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा ८ वर्षांनी ऑइल बदलायला सांगते. सहा गिअरच्या आवृत्तीत प्लास्टिकच्या पॅनमध्येच फिल्टर असतो, म्हणून पॅन नवीनच घ्यावा लागतो. त्याच वेळी मेकॅट्रॉनिकच्या (गिअर बदलवणारा कंट्रोल भाग) प्लगभोवतीचा स्लीव्ह आणि सील बदलून घ्या, गळती तिथूनच सुरू होते. ऑइलची पातळी इंजिन चालू ठेवून, ऑइल सुमारे ४० अंशांवर असताना, भरण्याच्या भोकातून बारीक धार ओघळेपर्यंत भरून ठरवतात. थंड गाडीत 'अंदाजाने' भरणाऱ्या गॅरेजमध्ये हे काम देऊ नका.

मर्सिडीजचा पाच गिअरचा ७२२.६ दणकट आहे. त्याचं एक बारीकसं दुखणं म्हणजे वायरिंगचा प्लग जिथे गिअरबॉक्समध्ये शिरतो तिथली सीलं. ती गेली की ऑइल तारांच्या आतून चढत चढत कंट्रोल युनिटपर्यंत पोहोचतं आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकते. युनिटचा प्लग काढून बघा. तो तेलकट असेल तर दुखणं आलेलं आहे, पण पूर्ण गिअरबॉक्स उघडायला सांगणाऱ्याला थांबवा. प्लगचा अडॅप्टर आणि साफसफाई एवढ्यावर बहुधा भागतं.

डीएसजीचं (फोक्सवॅगन गटाचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) मात्र एका दमात सांगता येणार नाही. सहा गिअरचा डीक्यू२५० हा ओल्या, म्हणजे तेलात चालणाऱ्या, क्लचचा आहे. दर ६० हजार किलोमीटरला फिल्टरसह ऑइल, पाच लिटरच्या आसपास. बिलं असतील तर निर्धास्त घ्या. सात गिअरचा डीक्यू२०० कोरड्या क्लचचा. हळू सरकणाऱ्या रांगेत त्याचा क्लच सतत अर्धवट पकडतो, तापतो आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथरू लागतो. दुसरं दुखणं मेकॅट्रॉनिकचं: आतल्या प्रेशर ॲक्युम्युलेटरची जागा तडकते, तेल गळतं, गिअरचा दिवा लुकलुकतो आणि गाडी आहे तिथे उभी राहते. २०१३ मध्ये फोक्सवॅगनने जगभरातल्या १६ लाख गाड्या बोलावून या गिअरबॉक्समधलं सिंथेटिक ऑइल काढून मिनरल भरलं होतं, तेही एक कारण होतं. डीक्यू२०० वाली गाडी घ्यायचीच असेल तर अर्धा तास चालवून गिअरबॉक्स तापवा, मग किंचित चढावर, ॲक्सिलरेटरला पाय न लावता फक्त ब्रेक सोडत दहा वेळा सरकवून बघा. थरथर असेल तर लपत नाही. तुमचा रोजचा रस्ता रांगेचा असेल तर मेकॅट्रॉनिक आणि क्लच दोन्ही नवीन असल्याची बिलं दाखवल्याशिवाय घेऊ नका, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : टायमिंग चेनचं इंजिन घ्यावं म्हणजे बेल्ट बदलायची कटकट नाही, असं ऐकलं. बरोबर?

उत्तर : उलट अनुभव जास्त. फोक्सवॅगनच्या ईए१११ मालिकेतल्या १.४ टीएसआयची चेन ताणायची. २०१२ पासून आलेल्या ईए२११ मालिकेत कंपनीने त्याच क्षमतेला बेल्ट दिला आणि तक्रारी कमी झाल्या. मर्सिडीजच्या एम२७१ मध्ये चेन ताणते आणि कॅमशाफ्टच्या चक्राचे दातही झिजतात. मर्सिडीजच्याच एम२७२ या व्ही६ इंजिनात चेन ठीक, पण सुरुवातीच्या वर्षांत बॅलन्स शाफ्टचं चक्र मऊ धातूचं निघालं. ते बदलायला इंजिन उतरवावं लागतं. तिथे इंजिन नंबरवरूनच कळतं की ते आधीच्या खेपेचं आहे की सुधारलेल्या.

बेल्टचा फायदा असा की त्याला तारीख असते. १.९ टीडीआयसारख्या इंजिनात वॉटर पंप, टेन्शनर आणि रोलर यांच्यासह संच बदलला की पुढची काही वर्षं त्या बाजूला बघावं लागत नाही. अपवाद तेलात बुडालेल्या बेल्टचा. प्यूजो-सिट्रोएनच्या १.२ प्युअरटेकमध्ये बेल्ट ऑइलमध्ये फिरतो. पेट्रोल मिसळलेल्या ऑइलने तो फुगतो, त्याचे कण सुटतात आणि ऑइल पंपाची जाळी तुंबवतात. फिलरच्या भोकातून बेल्ट दिसतो. त्यावर भेगा असतील किंवा तो रुंदीला फुगलेला असेल, तर नुसता बेल्ट बदलून भागणार नाही, पॅन उतरवून जाळी साफ करावी लागेल.

प्रश्न : २०१० ची ऑडी, १.८ टीएफएसआय. दर हजार किलोमीटरला जवळजवळ पाऊण लिटर ऑइल खाते. डीलर म्हणतो, चालतं.

उत्तर : कंपनीची स्वतःची मर्यादासुद्धा हजार किलोमीटरला अर्धा लिटर आहे, तेव्हा पाऊण चालत नाही. तुमचं इंजिन ईए८८८ मालिकेच्या दुसऱ्या पिढीचं. त्यात पिस्टनच्या ऑइल रिंगा पातळ होत्या आणि तेल परत जायची भोकं बारीक. ती काजळीने बुजतात, भिंतीवरचं तेल खरवडून खाली जात नाही, जळतं. आधी पीसीव्ही बदला, ते स्वस्त आहे आणि कधीकधी तेवढ्यानेच फरक पडतो. मग मापून बघा: सपाट जागेवर वरच्या खुणेपर्यंत भरा, हजार किलोमीटरनंतर त्याच जागी पुन्हा तिथपर्यंत भरा आणि किती लागलं ते लिहा. मापात फरक नसेल तर सुधारलेले पिस्टन आणि रिंगा, दुसरा टिकाऊ उपाय नाही. जाड ऑइल घातल्याने खप थोडा उतरतो, दुखणं तसंच राहतं.

पिस्टनचं काम काढायच्या आधी टायमिंग चेनचा टेन्शनर कोणत्या खेपेचा आहे ते बघून घ्या. पुढच्या कव्हरवरचा छोटा प्लग काढला की टेन्शनर किती बाहेर आलाय ते दिसतं. जुन्या टेन्शनरची कडी सुटली की चेन उडी मारते आणि नव्या पिस्टनांवर व्हॉल्व्ह आदळतात. थेट इंजेक्शनमुळे (पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये सोडल्यामुळे) इनटेक व्हॉल्व्हवर साचलेला कार्बनही त्याच वेळी काढून घ्या.

प्रश्न : एअर सस्पेन्शनची जुनी मर्सिडीज रोजच्या वापराला?

उत्तर : रात्रभर उभी करून सकाळी चारही कोपऱ्यांची उंची मोजा. एक कोपरा बसला असेल तर एअर स्ट्रट गळतोय आणि ती उणीव भरून काढताना कॉम्प्रेसर जादा चालून थकलेला आहे. दोन्हींचा खर्च धरा. त्याच मॉडेलची स्टीलच्या स्प्रिंगची गाडी मिळत असेल तर ती घ्या.

प्रश्न : मग निर्धास्त घ्यावीत अशी इंजिनं आहेत तरी का?

उत्तर : निर्धास्त नाही, पण खर्च आधी ठाऊक असलेली आहेत. बीएमडब्ल्यूचं एन५२ पेट्रोल: टर्बो नाही, थेट इंजेक्शनही नाही. इलेक्ट्रिक वॉटर पंप १ ते दीड लाख किलोमीटरच्या आसपास पूर्वसूचना न देता बंद पडतो. तो थर्मोस्टॅटसह आधीच बदलून टाकावा. त्याचे ॲल्युमिनियमचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात, जुने पुन्हा कसले तर तुटतात. फोक्सवॅगन-स्कोडाचं १.९ टीडीआय: आवाज आहे, ताकद पुरेशी, पंप-ड्यूज आवृत्तीत (प्रत्येक सिलिंडरला वेगळा पंप-इंजेक्टर असलेली) योग्य मान्यतेचं ऑइल नसेल तर कॅमशाफ्ट झिजतो. व्होल्वोची पाच सिलिंडरची इंजिनं: पीसीव्ही आणि बेल्ट वेळेवर, एवढ्यावर दीर्घकाळ चालतात. मर्सिडीजचं ओएम६४६ डिझेल: इंजेक्टरखालचं वॉशर गळून भोवती काळा डांबरासारखा थर जमतो का, ते कव्हर काढून पाहायचं. लवकर सापडलं तर वॉशर आणि बोल्टवर निभावतं, उशीर झाला तर इंजेक्टर हेडमधून निघत नाही.

प्रश्न : घरात ही एकच गाडी असणार आहे. तरीही घेऊ?

उत्तर : तुमच्या टप्प्यात त्या कंपनीच्या गाड्या नेहमी हाताळणारा स्वतंत्र मेकॅनिक आहे का आणि सुटे भाग किती दिवसांत येतात, यावर ठरवा. भागाची वाट बघत दहा दिवस उभी राहणारी गाडी कितीही चांगली असली तरी तुमच्या कामाची नाही. खरेदीच्या किमतीच्या पाव हिश्श्याएवढी रक्कम वेगळी ठेवता येत नसेल तर एक पायरी खालची, साधी गाडी बघा.

घेतलीच तर पहिल्याच महिन्यात ऑइल, ब्रेक फ्लुइड, कूलंट हे सगळे द्रव आपल्या हाताने नवीन करा. मागचा मालक काय म्हणाला ते बाजूला ठेवा. ऑइल घेताना डब्यावरचा ५डब्ल्यू३० हा आकडा पुरेसा नाही. फोक्सवॅगनसाठी ५०४/५०७ किंवा जुन्या इंजिनाला लागू असलेली मान्यता, बीएमडब्ल्यूसाठी एलएल०१ किंवा एलएल०४, मर्सिडीजसाठी २२९.५ किंवा २२९.५१, जी पुस्तकात लिहिली असेल तीच डब्यावर छापलेली हवी. डीपीएफ असेल तर कमी राखेचंच. ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. कूलंट कंपनीने सांगितलेल्या जातीचं घ्या, दोन जाती मिसळू नका. सर्पेंटाइन बेल्ट, त्याचा टेन्शनर आणि रोलर एकदम बदला.

बॅटरी बंद गाडीत १२.४ व्होल्टच्या खाली दाखवत असेल तर बाकीचे विचित्र इलेक्ट्रिकल कोड मनावर घेण्याआधी ती बदला. बीएमडब्ल्यू आणि इतर काही गाड्यांत नवी बॅटरी स्कॅनरने नोंदवावी लागते. नाही नोंदवली तर गाडी तिला जुनीच समजून चार्ज करते आणि ती लवकर मरते. बॅटरी रात्रीतून उतरत असेल तर गाडी लॉक करून अर्धा तास थांबा, म्हणजे सगळी मॉड्यूल झोपतात, मग करंट मोजा. ५० मिलिॲम्पिअरच्या वर असेल तर एकेक फ्यूजवर मोजत जाऊन कोण जागं राहतंय ते शोधा.

आणि एक्स्पान्शन टँकवर थंड इंजिनाची कूलंटची पातळी मार्करने आखून ठेवा, शेजारी तारीख लिहा. पहिले तीन महिने आठवड्यातून एकदा, सकाळी गाडी चालू करण्याआधी, ती रेघ बघा.